सातवरची सुई

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शोभेचे दिवे करणाऱ्यातले नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी एका मोठ्या लॉन्ड्रीच्या बॉयलरवर काढली. वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजची सुई सातवर ठेवायची आणि दहाच्या लाल रेषेपुढे जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. ते त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं. सगळे त्यांना 'सातवाले' म्हणत. मी मेहुणी, त्यामुळे मी त्याहून वाईट नावं ठेवली आहेत, ती इथे सांगत नाही.

ताई तिथेच इस्त्रीखात्यात होती. गेजवरची लाल रेषा पुसट झाली तेव्हा भावोजींनी तिचं नेलपॉलिश मागून नेलं आणि रेषा पुन्हा ओढली. लग्नाआधीची त्यांची प्रेमकथा ती एवढीच. लग्नाला चार महिने झाले असताना एकदा सुई त्या रेषेपुढे गेली. व्हॉल्व्ह अडकला होता. सगळ्या बायका अंगणात पळाल्या, ताईसुद्धा, आणि भावोजी आत राहिले. व्हॉल्व्ह मोकळा करून ते बाहेर आले तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. "ती दहा मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत," असं ताई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची.

आता ताईला काहीच माहीत नाही. तीन वर्षांपासून ती विसरत चालली आहे. आधी भाजीत मीठ घातलं की नाही ते, मग शेजारी, मग मी, आणि गेल्या वर्षी भावोजी. मला ती नर्सबाई समजते, त्यांना काका म्हणते. पाहुण्याला विचारावं तसं चहा घेणार का, असंही विचारते.

"चाळीस वर्षं एका ताटलीतलं खाल्लं, आणि मी काका?" भावोजी माझ्यावरच चिडले.

दिव्याचं खूळ त्यांच्या डोक्यात भरलं ते मी. मोबाइलवर चित्र आलं होतं, जुन्या नळ्या, चाकं आणि गेज जोडून केलेला टेबलावरचा दिवा. याला स्टीमपंक म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं.

"भंगारच की."

"म्हणजे तुमच्यासारखंच."

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन चित्र पुन्हा पाहिलं. बंद पडलेली लॉन्ड्री त्याच महिन्यात तोडत होते. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याच्या ढिगात सकाळभर वाकून त्यांनी आपलं जुनं गेज शोधून आणलं. नेलपॉलिशची रेषा होती तशी होती. "हे बघून ओळखेल मला," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं की हा दिवा शोभेचा नाही, हा त्यांचा शेवटचा उपाय आहे.

तीन आठवडे स्वयंपाकघरातलं टेबल त्यांच्या ताब्यात होतं. पितळी नळ्या घासून जोडल्या. खाली व्हॉल्व्हचं चाक बसवलं, ते फिरवलं की दिवा लागायचा. प्रत्येक सांध्याला त्यांनी वाफ गळू नये म्हणून लावतात ते सूत आणि सफेदा लावला.

"अहो, यातून वायर जाणार आहे, वाफ नाही."

"सांधा तो सांधा," ते म्हणाले.

गेजची सुई मात्र शून्यावर पडून होती, आणि ते त्यांना बघवेना. बॉयलर मेल्यासारखा वाटतो म्हणाले. त्यांनी सुई उपसून काढली, पुन्हा आसावर सैलशी बसवली आणि लाखेच्या थेंबानं सातवर चिकटवली. आकडे दिसावेत म्हणून गेजच्या पोटातच जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब बसवला. जन्मभर त्यांनी सुई वाफेच्या जोरावर हलताना पाहिली होती. सुईला स्वतःचं वजन असतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही आलं नाही.

रविवारी दुपारी पडदे ओढून आम्ही ताईला खुर्चीत बसवलं. भावोजींनी चाक फिरवलं. ताई बराच वेळ बघत राहिली, मग उठून तिनं लाल रेषेवर बोट ठेवलं.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

माझ्या जिवात जीव आला. भावोजी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले. "आणखी काय आठवतं? सांग ना." ती विचार करत होती. खरंच करत होती, मी तिचा चेहरा बघत होते. आणि तोवर बल्ब तापून लाख मऊ झाली. सुई सातवरून सुटली, आठ, नऊ, रेषा ओलांडून थेट खाली गेली.

ताईनं माझं मनगट पकडलं. "बायांनो, बाहेर," ती म्हणाली. ओरडली नाही. आवाज बावीस वर्षांच्या मुलीचा होता. तिनं मला ओढत अंगणात आणलं. भावोजी मागून धावत आले. "अगं, काही नाही, लाख वितळली." तिनं त्यांचेच दोन्ही हात धरले.

"काका, माझा नवरा आत आहे. त्याला बाहेर काढा हो. चारच महिने झालेत आमच्या लग्नाला."

"अगं, मीच तो," असं म्हणत त्यांनी बाही वर करून भाजलेला हात तिच्यापुढे धरला.

ताईनं तो हात पाहिला. "तुम्हालाही भाजलं," ती म्हणाली. "मग तो कसा वाचेल?"

भावोजी आत गेले, दिवा बंद केला, बाहेर आले आणि सगळं थंड झालंय म्हणाले. ती त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली.

दिवा त्याच दिवशी माळ्यावर गेला, पण त्यानं काय होतंय? आगीतून फुफाट्यात पडलो आम्ही. आधी ती नवऱ्याला विसरली होती आणि सुखात होती. आता तिला तो आठवतो, पण आत अडकलेला. ती दहा मिनिटं तिची संपतच नाहीत. रोज दुपारी ती अंगणात जाऊन उभी राहते आणि भावोजींच्या विनवण्या करते. ते रोज आत जातात, थोडे थांबतात आणि एकटेच बाहेर येतात.

"आला का तो?" ती विचारते.

"येतोय," भावोजी म्हणतात. "हात धुतोय."