बाबांची भूक

बाबा तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. आई गेल्यावर त्यांचं अन्नावरचं मन उडालं, म्हणून दर गुरुवारी मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेत असे. डॉक्टर शांतपणे त्यांना बोलतं करायचे.

एकदा बाबांनीच विचारलं, "तुम्ही कशासाठी जगता, डॉक्टर?"

"माझ्या मुलीसाठी."

"आणि ती नसली तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ती फार आजारी आहे, सर."

"मग उत्तर लवकर शोधा," बाबा म्हणाले.

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. बोलल्याने दुःख हलकं होतं म्हणतात. पण ते जातं कुठे? समोर ऐकणाराही माणूसच असतो.

वाटेत बाबांनी गाडी थांबवायला लावली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी पोटभर भजी खाल्ली.

"पुढच्या गुरुवारी नक्की जाऊ हं," बोटं पुसत ते म्हणाले.