खिळ्याशिवाय बसवलेली पट्टी

बाबा रेल्वेतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही जयपूरच्या दुर्गापुऱ्यात घर बांधलं. आईने एकच हट्ट धरला, वरच्या खोलीचं छत कोकणातल्या तिच्या माहेरासारखं उतरतं हवं. जयपुरात पाऊस किती, उतार कशाला, असं शेजारी काळजीने विचारायचे. आई सांगायची, "पावसासाठी नाही, माझ्यासाठी. तीस वर्षं क्वार्टरांत पाहुण्यासारखी राहिले. आता एक तरी खोली माझी वाटू दे."

ठेकेदाराने अर्धं छत उतरतं केलं आणि अर्धं सपाट ठेवलं, कारण पाण्याची टाकी काही उतारावर बसली नसती. आतून दोन्हीकडे प्लायवूड लावलं. उतार संपून सपाट छत जिथे सुरू होतं, तिथे मात्र फट राहिली. एका टोकाला करंगळी जाईल, दुसऱ्या टोकाला अंगठा. "इतना तो चलता है," असं म्हणून ठेकेदार स्वतःही चालता झाला.

फट झाकायला जवळच्या बस्सी गावचा एक सुतार आला. त्याने कोन उतरवून घ्यायला मिठाईच्या डब्याचं पुठ्ठ्याचं झाकण दुमडून सांध्यात दाबलं, तोच कोन धरून सागाच्या लांब पट्टीची पाठ रंध्याने तासली, आणि पट्टी वर धरली तर फट होती कुठे, ते सापडेना. मग त्याने ओठांत धरलेला पहिला खिळा काढला.

"कील नहीं," बाबा म्हणाले.

सरकारी भिंतीला खिळा मारायचा नाही, हे बाबांचं आयुष्यभराचं व्रत. शेजारच्या क्वार्टरांत लोकांनी भिंतींची चाळण केली होती, एकाने तर अंगणात अख्खं स्वयंपाकघर उभं केलं होतं. आमच्याकडे कॅलेंडर खुर्चीवर बसायचं आणि आरसा खिडकीला टेकून उभा राहायचा. बदली झाली की बाबा भिंती जशाच्या तशा परत करायचे. त्या बघायला कधी कोणी आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

"बाबूजी, सरकारी मकान है क्या?" सुताराने विचारलं.

"नहीं, अपना है."

"तो फिर?"

बाबांनी गोंद मागवला. सुताराने पट्टी गोंदाने चिकटवली, खाली बांबूचे टेकू दिले, आणि 'मेरा नाम मत लेना' असं बजावून गेला. टेकू काढल्यावर मे महिन्याच्या उन्हाने आपलं काम केलं. तिसऱ्या दुपारी पट्टीचं एक टोक सुटून बरोबर आईच्या खाटेवर लोंबायला लागलं. आईने खाट सरकवली. बाबांनी नवा गोंद आणला, जास्त महागाचा. आठवड्याभरात दुसरं टोक सुटलं.

मग आईने अंथरूण गुंडाळून खाली आणलं. "खालीच बरं आहे," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात क्वार्टर सोडताना असायचा तोच समजूतदारपणा होता. मला बाबांचा खरोखर राग आला. रेल्वेने त्यांना सोडलं होतं, त्यांनी मात्र रेल्वेला सोडलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी वरून ठोकण्याचा आवाज आला. मी धावत वर गेले. आई स्टुलावर उभी राहून पट्टीला बारीक खिळे मारत होती आणि बाबा स्टूल घट्ट धरून, मान खाली घालून उभे होते. पहिले दोन खिळे तिने वाकवले. बाकीचे सरळ गेले.

पट्टी पक्की झाल्यावर ती खाली उतरली. समोरच्या कोऱ्या, नव्याने रंगवलेल्या भिंतीवर मधोमध तिने आणखी एक खिळा ठेवला आणि ठोकला.

"इथे काय लावायचंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"अगं, मग भिंत कशाला खराब करतेस?"

"आपली आहे म्हणून," आई म्हणाली आणि हातोडी तिने त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, जणू कोणाला तरी परत करायची आहे.