'की' लावू का 'क'?

आमच्या जुन्नरच्या गल्लीतले एक भाऊ बायकोशीही अर्ध्याच वाक्यात बोलतात. लेकीनं फ्रेंच नवरा केला, तेव्हापासून मात्र ते माझ्याकडं फ्रेंचची पूर्ण वाक्यं शिकायला येऊ लागले. फ्रेंचमधल्या 'जो' आणि 'ज्याला' या शब्दांत अडायचे आणि तंबाखू मळत विचारायचे, "ताई, हितं 'की' लावू का 'क'?"

"'की' लावलं तर लेकीवर प्रेम करणारा माणूस. 'क' लावलं तर लेकीचं ज्याच्यावर प्रेम आहे, तो माणूस."

जावयाची ओळख करून द्यायला मी त्यांच्याकडून 'की' घोटून घेतलं. जावई आला आणि मासवडीवर तुटून पडला. भावकीसमोर भाऊ उभे राहिले आणि खणखणीत 'क' लावून मोकळे झाले. जावई खूश.

मी कुजबुजले, "भाऊ, 'की' ठरलं होतं ना?"

"पोरीचं मला ठाव हाय, ताई. ह्याचं अजून बघायचंय."