तुर्दिकुलचा दम

बॉयसून गावच्या खोलियोरला जगण्यात एकच काम उरलं होतं: तुर्दिकुलला चारचौघांत कुस्तीत आडवा करणं. पंचाने थांबा म्हटल्यावरही त्या हलकटाने खोलियोरच्या थोरल्या भावाला, एशमुरोदला, खांद्यावर आपटलं होतं. एशमुरोदचा हात तेव्हापासून टोपीपर्यंतही पोचत नव्हता. तुर्दिकुल मात्र लग्नालग्नांतल्या कुस्त्यांत बक्षिसाचे मेंढे जिंकत छाती काढून हिंडत होता. अशाचं तोंड मातीत घासावं असं कुणाला वाटणार नाही?

खोलियोरला तयार केलं एशमुरोदनेच. तो सांगे, अंगात दोन चुली असतात. पहिली श्वासाची वाट न बघता भडकते. तिच्या जोरावर माणूस बैल उलथवील, पण ती लगेच विझते, आणि तरीही रेटत राहिलं तर हातपाय शिशाचे होतात. दुसरी श्वासावर मंद जळते आणि जरा उसंत मिळाली की पहिलीत पुन्हा जळण भरते. तुर्दिकुलची पहिली चूल भलती मोठी होती. तिला उसंतच मिळू द्यायची नाही, एवढाच डाव. म्हणून खोलियोर वर्षभर डोंगर चढत पळाला आणि आपली दुसरी चूल पोसत राहिला.

शेवटी एका सुंतेच्या मेजवानीतल्या कुस्तीत दोघं समोरासमोर आले. तुर्दिकुल मुसंडी मारी, खोलियोर निसटे आणि लगेच त्याचा कमरपट्टा ओढून त्याला पुन्हा झटायला लावी. लोक भित्रा म्हणून हसले. हसेनात का. थोड्याच वेळात तुर्दिकुलचा भाता फुलला, बोटं पट्ट्यावर टिकेनात, मांड्या लटपटू लागल्या.

आता एक हिसका पुरला असता. पण खोलियोरला इतक्या स्वस्तात त्याला सोडायचं नव्हतं. ही थरथर सगळ्या गावाने डोळे भरून बघावी म्हणून तो त्याला नुसता धरून उभा राहिला.

"काय पहिलवान, आमचे थोरले, एशमुरोद अका, आठवतात का?" त्याने तुर्दिकुलच्या कानाशी विचारलं.

डोळे मिटून तुर्दिकुल खोल श्वास घेत होता.

"पाड त्याला," कडेवरून एशमुरोद ओरडला. "दम खातोय तो."

खोलियोरने ऐकलं. आणखी थोडंसंच, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात तुर्दिकुलने हिसका दिला, खोलियोरचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो पाठीवर आदळला.

मेंढा तुर्दिकुलने नेला. एशमुरोद धाकट्यापाशी येऊन बसला.

"मला पाडताना तोसुद्धा तुझ्यासारखा मजा बघत थांबला नव्हता रे," तो म्हणाला.

खोलियोरला त्याच्याकडे बघवेना.