ओसरीच्या पेढीचा नियम

रविवारी दुपारी विश्वासदादांकडे जेवणं आटोपली, टेबलावरची पातेली हलली, की त्याच टेबलावर अभिराम केतकर एक जग मांडायचा. हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या त्या घरात मग नगरं वसत, जहाजं बुडत, जादूगार एकमेकांना टोप्या घालत. फासे टाकून गोष्ट पुढे न्यायचा हा खेळ. प्रत्येकाचं एक पात्र, आणि सगळ्यांचा सूत्रधार अभिराम. ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःचा मुद्दाही शेजारच्याच्या तोंडून मांडणारा हा गृहस्थ इथे मात्र राजांना खुशाल गादीवरून खाली ओढायचा.

त्याची खरी हौस व्यापाऱ्यांची. खेळाच्या पुस्तकात जादुई व्यापाऱ्यांची घराणी तयार मिळतात, नाव, निशाण, माल, शत्रू सगळ्यांसकट. पण ती तशीच्या तशी खेळात आणणं म्हणजे घरी जेवायला बोलावून बाहेरचे डबे उघडणं, असं त्याला वाटे. तो एकेक घराणं उसवायचा आणि आपल्या मापाने पुन्हा शिवायचा. पुस्तकातले मसाल्याचे व्यापारी त्याच्या हाती लागले ते बरण्यांत भरून धुकं विकू लागले, चोरांना आणि चोरून भेटणाऱ्यांना. रत्नपारखी झाले आवाजांचे दलाल. माल काय, जादू काय, कुणालाही सुचते, तो म्हणायचा. घराणं कळतं ते त्यातला माणूस बाहेर कसा पडतो त्यावरून.

त्या रविवारी त्याने आणलेल्या घराण्याचं नाव होतं ओसरीची पेढी. ती काही हौसेपोटी रचलेली नव्हती. अभिरामला स्वतःलाच बाहेर पडायचं होतं.

त्याला पुण्याहून इथे आणलं विश्वासदादांनी. त्यांची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी, माणसं बहुतेक आपलीच. विमानतळावर घ्यायला दादा स्वतः आलेले, तेही थालीपिठांचा डबा घेऊन. घर शोधून दिलं दादांनी, खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, कचेरीत नाव नोंदवायला सोबत आले दादा, सायकल कुठली घ्यायची नि कुलूप कुठलं, तेही दादाच. त्याच्या बायकोच्या, मंजूषाच्या, बाळंतपणात तिची आई व्हिसासाठी अडकून पडली, तेव्हा मीनलवहिनी डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला राहिल्याच. आवाज चढवणारा साहेब असता तर अभिराम केव्हाच सुटला असता. पण दादा आवाज चढवत नसत. ते विचारत, "जेवलास का रे?" आणि पुढे तेच ते जुनं विम्याचं सॉफ्टवेअर, त्याच त्या दुरुस्त्या, वर्षानुवर्षं. त्या कामात आपण हळूहळू आंबत चाललोय हे अभिरामला कळत होतं, आणि कळत असल्यामुळे रविवारच्या पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडात फिरायचा.

अशात ग्रोनिंगनच्या एका कंपनीने त्याला निवडलं. हवं होतं तेच काम. इथे राहायच्या परवान्याचंही तीच कंपनी बघणार होती. फक्त सोमवारी सकाळी होकार हवा होता. दादांना सांगितल्याशिवाय होकार द्यायचा म्हणजे पाठीत सुरा, असं अभिरामचं म्हणणं, आणि सांगायला गेलं की याची वाचा बसायची. दोनदा केबिनपर्यंत जाऊन कॉफी पिऊन परत आला.

"आज सांगून ये," मंजूषा निघताना म्हणाली होती. "आणि नाही सांगितलंस, तर ह्यानंतर त्या नोकरीबद्दल माझ्यापाशी कुरकुर करायची नाही. मी ऐकून घेणार नाही."

तर समोरासमोर दोन वाक्यं बोलायची सोडून या पठ्ठ्याने अख्खं नगर वसवलं. म्हणजे विषय आपोआप निघेल आणि आपण नुसतं "दादा, माझंही तसंच आहे" म्हणू, असा त्याचा हिशेब.

"नगराच्या वेशीशी एक पेढी आहे," त्याने सुरुवात केली. खेळ योस्टसाठी इंग्रजीत चालायचा आणि भांडणं मराठीत. योस्ट हा ऑफिसातला एकुलता एक डच. "ही पेढी परक्या माणसाला आसरा देते. ओसरीवर बसवते, जेवू घालते. पण जो तिथे जेवला, तो संध्याकाळी कुठूनही निघाला तरी सगळे रस्ते त्याला वळवून पुन्हा ओसरीवरच आणतात. सुटायचं तर एकच उपाय. ओसरीवर सगळ्यांदेखत शेठना सांगायचं की मला जायचंय. कारण द्यायचं नाही. कारण दिलं की रस्ता वळला."

शेठ अर्थातच दादा. पेढीत अडकलेली एक नकाशेवाली होती, ती म्हणजे प्रांजली, ऑफिसात अभिरामच्याच शेजारी बसणारी. तिला सोडवायला ऑफिसातलाच रणजित आणि योस्ट.

आणि मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. नियम सगळ्यांनी ऐकला होता, तरी प्रांजलीने पहिल्याच फेरीत शेठना सांगितलं की आई आजारी आहे.

"अगं, मग आईलाच इकडे बोलावू की," शेठ म्हणाले. "खोली बघतो मी."

रस्ता वळला. रणजितने ज्योतिषी पाठवून नकाशेवालीला हे नगर लाभत नसल्याचं सांगितलं. शेठनी ग्रहांची शांत करून घ्यायचं मनावर घेतलं. रस्ता पुन्हा वळला. मग भुयार झालं, वेषांतर झालं, शेठच्या बायकोच्या कानावर घालून बघणं झालं. दादा प्रत्येक वेळी इतक्या मायेने अडवत होते की रणजित हसून हसून खुर्चीवरून घसरला. अभिराम हसत नव्हता. दादा अभिनय करत नाहीयेत, हे त्याला दिसत होतं.

योस्ट बिचारा चक्रावला. "तिला जायचंय ना?" त्याने विचारलं. "मग ती तसं सांगत का नाही?"



प्रांजलीने हातातले फासे खाली ठेवले. "शेठ, मला जायचंय," ती म्हणाली. सगळे पुढच्या वाक्यासाठी थांबले. ते आलं नाही.

दादा हसले. "जा बाई, सुखाने जा."

"रस्ता सरळ झाला," अभिराम म्हणाला. रणजितने टाळ्या वाजवल्या. हीच वेळ होती. अभिरामचं वाक्य ओठांवर तयार होतं. त्याने घोटभर पाणी प्यायलं.

तेवढ्यात प्रांजलीच पुन्हा बोलली, या वेळी मराठीत. "दादा, हे खेळातलं नाही. मी खरंच नोकरी सोडतेय."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मीनलवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"का गं?" दादांनी विचारलं. "आमचं काही चुकलं का?"

"नाही, दादा," प्रांजली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिने पुढे काही जोडलं नाही.

दादांनी टेबलावरचे फासे गोळा करून ठेवले. मग "बरं," म्हणाले. योस्टला शब्द कळले नसले तरी मतलब कळला असावा. त्याने उठून तिच्याशी हात मिळवला, अभिनंदन केलं. अभिरामला तिचा राग आला, अगदी मनापासून आला. दार त्याने केलं होतं. बिजागऱ्या त्याने बसवल्या होत्या. आणि ही त्यातून सरळ निघून गेली.

मंडळी पांगली. अभिराम नकाशा गुंडाळत मागे रेंगाळला. अजून सांगता येईल, तो स्वतःला बजावत होता, चार शब्दांचं काम आहे. दादा त्याच्याजवळ आले. एका दुपारीत त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू तरी आहेस ना रे?"

नियम अभिरामइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

"आहे ना, दादा," तो म्हणाला. "मी कुठे जातोय."

दादांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी वहिनींना दोन कप चहा टाकायला सांगितला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"मग असं करू," ते म्हणाले, "प्रांजलीचं कामही आता तूच बघ."

"हो, दादा," अभिराम म्हणाला.