एकादशीला खाल्लेली तांदळाची भाकरी

प्रोस्टेटचा कर्करोग आहे असं कळलं, तेव्हा मी घाबरण्याआधी चिडलो, आणि चिडलो तो थेट पांडुरंगावर. तीस वर्षांत एक सोमवार, एक एकादशी चुकवली नाही, त्याचं हे फळ? डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. गाठ हळू वाढणारी आहे, तीन महिने थांबता येईल, पण हे पोट घेऊन शस्त्रक्रिया जोखमीची, आधी वजन उतरवा, असं त्यांनी बजावलं. मग म्हणाल्या, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. भाज्या, डाळी, चोथा हे त्यांचं अन्न. आपण नुसतं तूप, साखर, तळण खात राहिलो की त्यांची घडी विस्कटते, अंगात दाह राहतो. त्याचा आणि वाढलेल्या चरबीचा या रोगाशी संबंध असावा, असं संशोधकांना वाटतं. "तुम्हाला त्यामुळेच झाला, असं मी म्हणणार नाही. पण जेवण तुमच्या हातात आहे." उपासतापास करणाऱ्या माणसाला ही बाई काय जेवण शिकवते, असं मनात म्हणत मी माणिकपूरला घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी एकादशी होती. सांडोरला केळीच्या वाडीलगत विठोबाचं लहानसं देऊळ आहे, तिथे गेलो. हात जोडले, पण रागाने काही मागितलं नाही. बाहेर पारावर बसून डबा उघडला. शेजारी एक म्हातारी केळफूल निवडत होती, चिकाने तिची बोटं काळी झाली होती. तिने डब्यात डोकावून पाहिलं. तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, दाण्याचे दोन लाडू.

"भाऊ, आज कसला सन हाय तुमच्याकडं?"

"सण नाही मावशी, उपास आहे."

"यो उपास? मंग सनाला काय खाता?" ती खळखळून हसली.

मी हसायला गेलो आणि मला रडूच फुटलं. मुलालाही न सांगितलेलं सगळं त्या परक्या बाईला सांगून टाकलं. ती उठली आणि मागच्या घरातून ताट घेऊन आली. वाल घालून केलेली केळफुलाची भाजी आणि तांदळाची भाकरी. एकादशीला तांदूळ! माझा हात अडला.

"खावा. पाप लागलं तर माझं," ती म्हणाली.

पहिला घास घेतला आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. माझ्या पोटात एक अख्खं गाव वसलं होतं. देवाने माझ्या भरवशावर ठेवलेले ते असंख्य जीव, आणि मी तीस वर्षं जिभेचे चोचले पुरवून त्याला देवाची सेवा म्हणत होतो. किती लहान जागेत किती मोठा पसारा मांडलाय त्याने! मी पोटावर हात ठेवून तसाच बसून राहिलो. तोंडाने नाव घेतलं नाही, पण इतकी खरी प्रार्थना मी त्याआधी केली नव्हती.

पुढचे तीन महिने साधं जेवलो, रोज चाललो. अकरा किलो उतरलं, शस्त्रक्रिया नीट पार पडली. कशाने काय झालं, ते मी ठरवत नाही.

परवाच्या एकादशीला तिच्यासाठी लुगडं घेऊन गेलो. ती पारावरच होती. तिने मला ओळखलं नाही. मी भाकरीची आठवण करून दिली, तशी तिने कानाला हात लावले.

"एकादशीला तांदूळ? नाय हो भाऊ. लगीन होऊन आले तवापासून माझ्या घरी एकादशीला चूल पेटत नाय."

तीच बोटं होती, चिकाने काळी झालेली. तोच आवाज. लुगडं तिच्या मांडीवर ठेवून पाया पडलो आणि आत जाऊन विठोबासमोर उभा राहिलो. पुढच्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे. तो चांगला येऊ दे, असं म्हणायला ओठ उघडले, आणि मिटून घेतले. मागण्यासारखं काही सुचेना. त्याने मला न मागता जेवू घातलं होतं.