टांग्याच्या चाकावरचा मोर

सायकलच्या दुकानावरून जाताना रबर चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास नाकात शिरला, की अजूनही मला मंगळवार पेठेतला एक टांगेवाला आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले निम्मे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या लोकांची मुलंबाळं याच गावात नांदतात, उगाच चर्चा कशाला?

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. मी शहरात फौजदार होतो. तेव्हा रबरी चाकांचे टांगे कोल्हापुरात नवे होते. लोखंडी धावेचा, म्हणजे चाकाला लोखंडी पट्टी ठोकलेला टांगा दोन गल्ल्या अलीकडून ऐकू यायचा, रबरी टांगा मात्र बिनआवाज सरकायचा. बसणाऱ्याला दणके कमी, त्यामुळे गिऱ्हाईक त्यालाच हात करायचं. मग जो तो टांगेवाला रबराच्या मागे लागला.

त्यातलाच हा एक तरुण मुसलमान गडी. बापामागं टांगा आणि घोडा त्याच्याकडे आलेला, घरात म्हातारी आई. एके दिवशी भर दुपारी उतारावर त्याचा टांगा उलटला. आत शाहूवाडीकडचा एक शेतकरी होता, त्याचा पाय मोडला. जमलेल्या लोकांनी टांगेवाल्याला दोन ठेवून दिल्या आणि चौकीवर आणून हजर केलं.

"साहेब, प्यालाय गडी," आमच्या हवालदारानं आल्याआल्या निकाल दिला. "अंगाला वास मारतोय."

"तोंडाला की अंगाला?"

"वास तो वास साहेब, त्यात काय बघायचं?"

मी जवळ जाऊन पाहिलं. वास होता खरा, आणि तो त्याच्या हातांना आणि सदऱ्याला होता. दारूचा तो नव्हता, पण कसला ते मला त्या वेळी ओळखता आलं नाही. बेदरकारपणे हाकल्याची नोंद झाली, टांगा हाकायच्या परवान्याचा बिल्ला काढून घेतला, त्याला कोठडीत बसवलं, टांगा चौकीच्या आवारात लावला. शिक्षा झाली असती तर बिल्ला कायमचा गेला असता. टांग्याशिवाय त्या घरात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई चौकीवर आली. पदराखालून तिनं रबराची एक लांब पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर टाकली.

"ह्ये रस्त्यात पडलंतं. तुमच्या मानसांनी बघितलं बी न्हाय. माझ्या पोरानं उभ्या जन्मात दारू शिवली न्हाय साहेब! ही पट्टी सुटली, चाकात गुतली, आन् टांगा पालथा झाला. सकाळीच सुटाय लागलीती म्हणून, ज्येच्याकडनं रबर घेतलं त्या दुकानदारानं दिलेल्या औषधानं त्यानं चिकटवलीती. त्येचाच वास हाय त्यो."

पट्टी अगदी नवी होती. तिच्यावर ठराविक अंतरानं उठावाची छाप होती. छापेत पक्ष्याचे पाय आणि खाली पसरलेला पिसारा, वर काही नाही. मी टांगेवाल्याला कोठडीतून बाहेर काढून विचारलं, हे काय आहे?

"मोर हाय साहेब. मोर छाप रबर. डोक्याची पट्टी डाव्या चाकाला, पायाची उजव्या चाकाला. कंपनीनं तशी खूण केलीया म्हणं, लावताना चुकाय नको म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"दुकानदार."

मला हसू आलं, पण ते मी गिळलं. मोर छाप एका मोठ्या कंपनीची, आणि माल नामांकित. त्या काळी निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नसे. ते दुकानात जाऊन मोर मागत आणि मोर पाहूनच माल उचलत. छाप नकली असावी असा मला संशय आला. शेतकऱ्याची जबानी दवाखान्यात घेतली. तो कण्हतच म्हणाला, "न्हाय वो, बिचारा हळूच हाकत हुता. चाकच धरलं की एकदम!"

कंपनीला तार केली. त्यांचा एजंट पुढच्या गाडीनं हजर झाला. चकाकते बूट, आवाज मोठा. "आमची कंपनी टायर बनवतच नाही!" तो म्हणाला. "कुणीतरी आमचा मोर चोरलाय." त्यानं रीतसर फिर्याद दिली. मी पंच घेऊन दुकानाची झडती घेतली. छाप उठवायचा साचा, ठसा, काही म्हणजे काही सापडलं नाही. दुकानदार ओट्यावर पान चघळत बसला होता. "बघा की फौजदारसाहेब, सगळं बघा. कणगीत बी बघा."

त्याला चौकीवर बोलावलं तर तो वकील घेऊनच आला. वकील हुशार होता. त्यानं विलायतेतली पद्धत समजावून सांगितली. तिकडं छाप नोंदवताना मालाचे वर्ग पाडतात. इंजिनात बसवायचं पॅकिंग, पाण्याच्या रबरी नळ्या, वाफ आणि गळती अडवणारा माल, विजेच्या तारेवरचं वेष्टण, हा सगळा एक वर्ग. गाड्या आणि गाड्यांची चाकं हा निराळा वर्ग. चाकाचं रबर हे रबर असलं, तरी ते बसतं गाडीच्याच वर्गात.

"एजंटसाहेब स्वतःच सांगतात, त्यांची कंपनी चाकाचा माल करीत नाही," वकील म्हणाला. "मग त्यांचा मोर इंजिनाच्या वर्गातला. माझ्या अशिलाचा माल चाकाच्या वर्गातला. आपल्या संस्थानात छाप नोंदवायचं दफ्तरच नाही, पण न्याय तर तोच राहील ना? गुन्हा कुठं आहे?"

दुकानदार मान डोलवत होता. "चाकाचाच माल हाय साहेब माझा. मुंबैस्नं तयार येतो. खास चाकासाठीच बनवत्यात. इंजिनाशी आपला काय बी संबंध न्हाय."

खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं आहे. इंजिनाचं नाव वकिलानं काढलं होतं खरं, पण त्याच्याशी तुझा संबंध आहे का, हे मी दुकानदाराला विचारलंच नव्हतं. मी त्याचं बोलणं शब्दशः लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि त्याची सही घेतली. वकिलानंही ती आनंदानं करू दिली.

तरी मी अडचणीत होतो. फिर्याद टिकली नाही तर माल निर्दोष ठरणार, आणि माल निर्दोष म्हणजे दोष टांगेवाल्याचा. हवालदारानं ते तोंडावर बोलून दाखवलं. "सोडून द्या की साहेब. त्यो टांगेवाला काय आपला पावणा हाय व्हय?"

दुकानदाराच्या तोंडून निसटलेलं इंजिन डोक्यातून जाईना. उचगावला एका गिरणीत तेलाचं इंजिन होतं. तिथं जाऊन मी मालकाला म्हटलं, तुमचं पॅकिंग दाखवा. त्यानं गुंडाळी उलगडून जमिनीवर पसरली. रबराचा रुंद पत्रा, आत जाड कापडाचे थर, आणि वर ओळीनं उठवलेले मोर. डोक्यापासून पायापर्यंत अख्खे. दोन नळ्यांच्या सांध्यात घट्ट आवळून बसवायचा तो माल होता. एकदा बसवला की त्यानं जागचं हलायचं नाही. रस्त्यावर धावायला लावला तर धूळपाणी खाऊन त्याचे थर सुटणार, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको होता. आणि तो आडवा कापत गेलं, तर एका पट्टीवर डोकी येणार, दुसरीवर पाय.

मी पॅकिंगचा तुकडा पंचांसमक्ष ताब्यात घेतला आणि चौकीवर परतलो. टांग्याच्या डाव्या चाकाची पट्टी सोडवली. दुकानदार, वकील, एजंट, सगळ्यांना बोलावलं. टेबलावर दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि हळूहळू एकमेकींना भिडवल्या. मोरामागून मोर पुरा होत गेला. कडेला कापडाचे थर दिसत होते, अगदी उचगावच्या तुकड्यासारखे.

वकिलाच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. त्यानं अशिलाच्या दंडाला हात लावला, पण तोवर दुकानदार बोलून गेला होता, "मग मोर खराच हाय की! म्या कुठं खोटा केला?"

"मोर खराच आहे," मी म्हटलं. "मोराबद्दल तुझ्यावर काहीच नाही. चाकाच्या मालाचा इंजिनाशी संबंध नाही असं तूच सही करून सांगितलंस. आता सांग, इंजिनाचं पॅकिंग कापून चाकाला कुणी लावलं?"

त्यानं एक पट्टी उचलून उलटसुलट केली. मग खाली मान घालून म्हणाला, "रबर त्ये रबरच की साहेब. लोकास्नी मोर पायजे हुता, म्या मोर दिला."

फसवणुकीचा खटला उभा राहिला. वकिलानंच मांडलेले दोन वर्ग सरकारी बाजूनं उचलून धरले. दुकानदाराला शिक्षा झाली. छापेची फिर्याद अर्थातच निकाली निघाली. एजंट खट्टू झाला. "मग आमचं काय?" मी म्हटलं, "तुमचा मोर खरा निघाला, अभिनंदन." तो रागानं गाडीला गेला.

टांगेवाला निर्दोष सुटला, बिल्ला परत मिळाला. माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. या प्रकरणानं मला एक शिकवलं. छाप पाहून माल कुणाचा ते कळतं, तो कशाच्या उपयोगाचा आहे ते कळत नाही. माणसाच्या अंगचा वासही तसाच. त्यावरून निकाल देणारे लोक चौकीत असतात तसे चौकीबाहेरही असतात, हे मात्र मला थोडं उशिरा कळलं.

काही दिवसांनी म्हातारी पुन्हा आली. यावेळी हातात काही नव्हतं.

"बिल्ला दिलासा साहेब, उपकार झालं. पर पेठंत त्येला दारुडाच म्हनत्यात. धाव लोखंडी केली, घोडा धुऊनपुसून उभा करतोय, तरी त्येच्या गाडीत कोण बसंना. ह्येला कंचं कलम हाय?"

याला कलम नव्हतं. मी उठलो, पूर्ण गणवेश चढवला आणि म्हटलं, "मावशी, टांगा चौकीवर आण म्हणावं."

टांगा आला. मी पुढच्या जागेवर, टांगेवाल्याच्या अगदी शेजारी बसलो आणि त्याला मंगळवार पेठेतून घ्यायला सांगितलं. भर बाजाराची वेळ होती. लोखंडी धाव फरशीवर असा खडखडाट करीत होती की दुकानादुकानांतून माना बाहेर येत होत्या. तो गडी ताठ बसला होता, पण घोड्याच्या कानांवरून नजर हलवत नव्हता. मला त्याची कीव आली आणि त्या माना पाहून रागही आला. पेठ संपली, तरी आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, वळव, पुन्हा घे.

दुसऱ्या फेरीत कोपऱ्यावर डोक्यावर बुट्टी घेतलेल्या एका बाईनं हात केला. तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मागं जागा हाय न्हवं, पावणं?"

त्यानं होकाराची मान हलवली, खाली उतरून तिची बुट्टी दोन्ही हातांनी घेतली आणि टांग्यात ठेवली. पुढच्या चौकात मी उतरलो. माझी आता तिथं गरज नव्हती.